कांचेचा उपासक : जोसेफ फॉन फ्राउनहोफर

क्रिकेटचा सामना पाहतांना सीमारेषेच्या पलीकडे ओळीनें बसलेले छायाचित्रकार आमच्या वाचकांनीं पाहिले असतीलच. त्यांच्या कॅमेऱ्याला जें नळकांडें लावलेलें असतें तें कॅमेऱ्याहून किती तरी मोठें, आणि इतकें जड कीं खालीं एक भक्कम काठी टेकविल्यावांचून फार वेळ सांवरतां येत नाहीं. भिगवणच्या जलाशयावर रोहित पक्ष्यांचे फोटो काढावयास जाणाऱ्या हौशी मंडळींच्या खांद्यावरहि हेंच ओझें असतें. दूरची वस्तु जवळ आणून दाखविणाऱ्या भिंगाला एवढें वजन कां असावें? या प्रश्नाचें उत्तर कांचेच्या स्वभावांत आहे. कांचेचा तो स्वभाव ज्यानें प्रथम नेमका मापून काढला, त्या पुरुषाची हकीकत आम्ही आज सांगणार आहों.

जर्मनीच्या दक्षिणेस बव्हेरिया नांवाचा प्रांत आहे. त्यांत डॅन्यूब नदीच्या तीरीं श्ट्राउबिंग हें जुनें गांव. तेथें ६ मार्च १७८७ रोजीं जोसेफ फ्राउनहोफर याचा जन्म झाला. बाप कांचकाम करणारा कारागीर होता. घरांत अकरा मुलें झालीं, त्यांतला हा शेवटचा. लहानपणापासूनच बापाच्या हाताखालीं काम करावें लागल्यामुळें त्याचें लिहिणें-वाचणें बेताचेंच झालें. तो अकरा वर्षांचा झाला तोंच आई व बाप दोघेंहि निवर्तलीं, आणि पोर पोरकें झालें.

पालकांनीं त्याला १७९९ सालीं म्यूनिक शहरीं वाइक्सेलबेर्गर नांवाच्या आरसे करणाऱ्या कारागिराकडे उमेदवारीस ठेविलें. शिकविण्याबद्दल द्यावयास पैसा नव्हता, म्हणून सहा वर्षें विनावेतन राबावें असा करार ठरला. धनी मोठा करडा होता. कामकरी मुलांसाठीं त्या शहरांत सुटीच्या दिवशीं भरणारी एक शाळा होती. तेथें जाण्याची परवानगी या मुलानें मागितली, ती धन्यानें नाकारली. त्याच्या निजण्याच्या खोलीला खिडकी नव्हती, आणि रात्रीं दिवा लावण्याची मनाई होती असें सांगतात. पुढें ज्याचें सारें आयुष्य प्रकाशाच्या अभ्यासांत गेलें, त्याचें बालपण असें अंधारांत गेलें.

२१ जुलै १८०१ रोजीं तें घरच कोसळलें. धन्याची बायको ढिगाऱ्याखालीं मरण पावली. जोसेफहि गाडला गेला होता, परंतु तो जिवंत असल्याची चाहूल लागली आणि लोक माती-विटा उपसूं लागले. हें काम कित्येक तास चाललें. बव्हेरियाचा अधिपति माक्सिमिलियन जोसेफ स्वतः तेथें येऊन उभा राहिला. चौदा वर्षांचा तो किडकिडीत मुलगा फारशी दुखापत न होतां बाहेर निघाला, तेव्हां राजानें त्याला आपल्या वाड्यावर बोलावून अठरा मोहरा बक्षीस दिल्या. राजाच्या परिवारांत योझेफ उट्झश्नायडर नांवाचा एक उद्योगी व जाणता अधिकारी होता. या मुलाला काय हवें आहे हें त्यानें ओळखलें आणि गणिताचीं व दृक्‌शास्त्राचीं पुस्तकें आणून दिलीं.

अठरा मोहरांचें जोसेफनें काय केलें, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं ध्यानांत घेण्यासारखें आहे. त्यानें कांच घांसण्याचें एक यंत्र विकत घेतलें, आणि पुढें उरलेल्या पैशांतून धन्याला भरपाई देऊन उमेदवारीचे शेवटचे महिने सोडवून घेतले. मग स्वतःच्या पायांवर उभें राहावें म्हणून भेटीच्या पत्रिका कोरण्याचा धंदा काढला. तो साफ बुडाला. युद्धाचे दिवस होते. कोरीव पत्रिका घ्यावयास कोण येणार? मुकाट्यानें तो पुन्हा त्याच धन्याकडे मजुरीला गेला. थोरांच्या चरित्रांत अशीं पानें पुष्कळदां गाळलेलीं असतात. आम्हीं तीं मुद्दाम ठेविलीं आहेत.

१८०६ सालीं, वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं, त्याचें दैव पालटलें. उट्झश्नायडरनें रायखेनबाख व लीबहेर या दोन यंत्रकारांच्या भागीदारींत मोजणीचीं यंत्रें करण्याचा कारखाना काढला होता. बव्हेरियाची जमीनमोजणी त्या काळीं चालू होती व तिला उत्तम थिओडोलाइटें हवीं होतीं. रायखेनबाखच्या हातच्या पितळी वर्तुळांना युरोपांत तोड नव्हती. अडत होतें तें भिंगांपाशीं. चांगली कांच इंग्लंडांत होई, आणि नेपोलियनच्या युद्धांमुळें ती मिळेनाशी झाली. तेव्हां कांच घरींच ओतावयाची असें ठरलें आणि जोसेफला त्या खात्यांत घेतलें.

कांचेचें एवढें अवडंबर कशासाठीं, हें येथें थोडें सांगितलें पाहिजे. कांचेंत शिरतांना प्रकाशाचा किरण वळतो, आणि निळा किरण तांबड्यापेक्षां अधिक वळतो. म्हणून एकाच बहिर्गोल भिंगानें पाडलेली निळी प्रतिमा भिंगाच्या जवळ व तांबडी प्रतिमा दूर पडते, आणि प्रत्येक वस्तूच्या कडेला रंगीत झालर दिसते. सतराव्या शतकांतील ज्योतिर्विदांना यावर एकच उपाय सांपडला होता, तो म्हणजे दुर्बीण लांबच लांब करणें. डांझिगच्या हेवेलियसनें तर १५० फूट लांबीची दुर्बीण उंच खांबाला दोरखंडांनीं टांगली होती. वारा सुटला कीं ती डोलूं लागे. पुढें १७५८ सालीं लंडनच्या जॉन डॉलंडनें जोडभिंगाची युक्ति प्रसिद्ध केली. साध्या क्राऊन कांचेचें बहिर्गोल भिंग आणि शिसें घातलेल्या फ्लिंट कांचेचें अंतर्गोल भिंग एकत्र ठेविलीं, तर एकानें फोडलेले रंग दुसरें भिंग पुन्हा एकत्र आणतें, आणि किरण वळावयाचा तो वळतोच. युक्ति उत्तम होती. परंतु फ्लिंट कांच वितळतांना तिच्यांतील शिशाचा जड अंश तळाशीं बसे, आणि थंड झालेल्या कांचेंत पाकाच्या तारांसारख्या धारी राहात. तळहाताएवढा निर्दोष तुकडा मिळाला तर दैव समजावें.

म्यूनिकच्या दक्षिणेस, आल्प्स पर्वताच्या पायथ्याशीं, बेनेडिक्टबॉयर्न नांवाचा बेनेडिक्टाइन संन्याशांचा प्राचीन मठ होता. सरकारनें १८०३ सालीं मठ बंद केले, तेव्हां १८०५ सालीं उट्झश्नायडरनें ती वास्तु विकत घेतली व तेथें भट्ट्या उभारल्या. भट्टीवर प्येर लुई गिनां नांवाचा स्वित्झर्लंडचा एक वृद्ध कारागीर होता. वितळलेली कांच भाजलेल्या मातीच्या दांड्यानें सतत ढवळीत राहावयाची, म्हणजे शिसें तळाशीं बसत नाहीं, ही युक्ति त्यानें अनेक वर्षें खपून शोधून काढली होती. दिसावयास ही गोष्ट किती साधी! आमच्या घरीं दूध आटवितांना आई जें करते तेंच हें. पण लोखंडाचा डाव घातला तर लोखंड कांचेंत उतरून तिला रंग चढतो, आणि लांकूड तर जळूनच जातें. दांडा कांचेला बाधणार नाहीं अशा मातीचा हवा, ही खरी अडचण होती. जोसेफ हें सर्व त्या वृद्धाच्या हाताखालीं शिकला. पुढें दोघांचें बिनसलें. तरुणाच्या हातीं आपल्या भट्टीची सत्ता गेलेली गिनांला सोसवली नाहीं, आणि १८१४ सालीं तो मायदेशीं निघून गेला. या भांडणांत गिनांची बाजू अगदींच पोकळ होती असें आम्हांला वाटत नाहीं.

१८०९ सालीं, बाविसाव्या वर्षीं, फ्राउनहोफर कारखान्याच्या दृक्‌विभागाचे मुख्य व भागीदार झाले. आतां येथून पुढें आम्हींहि त्यांना अहोजाहो म्हटलें पाहिजे.

बेनेडिक्टबॉयर्न येथें त्यांनीं जें काम आरंभिलें त्याची तऱ्हा जुन्या कारागिरांहून वेगळी होती. जुना कारागीर भिंग घांशी, डोळ्याला लावून पाही, न जमलें तर पुन्हा घांशी. फ्राउनहोफर यांना आधीं गणित करून मग घांसावयाचें होतें. त्यासाठीं हातांतली कांच प्रत्येक रंगाला नेमकी किती वळविते हें अनेक दशांश स्थळांपर्यंत ठाऊक पाहिजे. आणि येथेंच घोडें अडलें. वर्णपटांत पिवळा संपून हिरवा कोठें सुरू होतो? सांज आणि रात्र यांच्यामध्यें जशी रेघ ओढतां येत नाहीं तशीच येथेंहि येत नाहीं. ज्याला जागा नेमून देतां येत नाहीं त्याचें माप घ्यावें तरी कसें? दिव्याच्या ज्योतींत एक तेजस्वी पिवळी रेघ नेहमीं एकाच ठिकाणीं दिसते असें त्यांच्या ध्यानांत आलें, आणि कांहीं दिवस तिचाच मैलाच्या दगडासारखा उपयोग त्यांनीं केला. मग सूर्याच्या प्रकाशांतहि तशी रेघ आहे काय, हें पाहण्यासाठीं त्यांनीं खोलींत अंधार करून खिडकीच्या झडपेला एक अरुंद फट पाडली. फटीपासून २४ फुटांवर फ्लिंट कांचेचा लोलक ठेविला, आणि त्याच्यापुढें थिओडोलाइटाची दुर्बीण.

तेजस्वी रेघ दिसली नाहीं. तिच्या जागीं काळी रेघ होती. दुर्बीण हलवावी तों आणखी काळ्या रेघा. तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत सारा वर्णपट उभ्या काळ्या रेघांनीं भरलेला! ही १८१४ सालची गोष्ट. वोलस्टन नांवाच्या इंग्रज शास्त्रज्ञानें १८०२ सालीं यांतील चार-दोन रेघा पाहिल्या होत्या, पण रंगांच्या सीमा समजून सोडून दिल्या होत्या. फ्राउनहोफर यांनीं लोलक बदलून पाहिले, फट लहान-मोठी केली; रेघा जागच्या हलल्या नाहींत. त्यांनीं ५७४ रेघा मोजल्या, त्यांचा नकाशा स्वतःच्या हातानें रेखिला, आणि ठळक रेघांना ए, बी, सी, डी अशीं अक्षरें दिलीं. शुक्राच्या प्रकाशांत त्यांना सूर्याच्याच रेघा दिसल्या. व्याध ताऱ्याच्या प्रकाशांत मात्र निराळ्या दिसल्या. हा निबंध १८१७ सालीं प्रसिद्ध झाला.

या रेघा कां पडतात हें त्यांना उलगडलें नाहीं. तो उलगडा किर्खहोफ व बुन्सेन यांनीं १८५९ सालीं केला. प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या रंगाचा प्रकाश गिळतें, म्हणून सूर्याच्या वायूंत कोणतीं द्रव्यें आहेत हें या रेघांवरून वाचतां येतें. त्या शोधाची थोरवी सर्वत्र गाइली जाते. आम्हांला मात्र येथें दुसऱ्याच गोष्टीकडे वाचकांचें लक्ष वेधावयाचें आहे. फ्राउनहोफर हे तारे वाचावयास बसले नव्हते. त्यांना चांगलें भिंग करावयाचें होतें. न हलणाऱ्या ५७४ खुणा हातीं लागतांच त्यांनीं प्रत्येक ओतीव कांचेचें माप त्या खुणांवर घेण्यास आरंभ केला. तेव्हांपासून कांच ही नशिबाची वस्तु न राहतां हिशेबाची वस्तु झाली. आजहि भिंगाच्या कांचेची यादी उघडली तर कांच किती वळविते व रंग किती फांकविते हे आंकडे सी, डी आणि एफ या अक्षरांच्या आधारानें दिलेले असतात. त्यांतील डी-जवळची जी हीलियम वायूची रेघ हल्लीं प्रमाण मानतात, ती १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळीं हिंदुस्थानांत गुंटूर येथें जमलेल्या निरीक्षकांनाहि दिसली होती.

१८१९ सालीं दृक्‌विभाग म्यूनिकला परत आला. पुढें १८२१ च्या सुमारास त्यांनीं आणखी एक शोध लाविला. दोन बारीक आट्यांच्या स्क्रूंवर २६० तारा अगदीं जवळजवळ व समांतर ताणून त्यांनीं एक जाळी केली, व तींतून प्रकाश पाहिला. लोलकाशिवाय वर्णपट उमटला! जवळजवळच्या फटींतून जातांना प्रकाशाच्या लाटा फांकतात आणि एकमेकींत मिसळतात, त्यामुळें हें घडतें. तारांच्या अंतरावरून प्रकाशाच्या लाटेची लांबी काढतां येते. ती त्यांनीं काढली. पुढें कांचेवर हिऱ्याच्या टोंकानें रेघा ओढून याहून बारीक जाळ्या केल्या. या वर्णपटाची एक मौज आहे. लोलकांत जांभळा किरण सर्वांत अधिक वळतो, जाळींत तांबडा किरण सर्वांत अधिक वळतो. म्हणजे दोहोंचा क्रम बरोबर उलटा. वाचकांनीं ही गोष्ट मनांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

मानसन्मान आले, पण सहजासहजीं आले नाहींत. बव्हेरियाच्या विद्वत्सभेंत त्यांना घ्यावें अशी सूचना निघाली तेव्हां कांहीं सभासदांनीं नाकें मुरडलीं. ज्यानें विद्यापीठाची पायरी चढलेली नाहीं असा हा कारागीर, याला विद्वानांच्या पंक्तीस कसें बसवावें, असा त्यांचा आक्षेप. तथापि १८२२ सालीं एर्लांगेन विद्यापीठानें त्यांना सन्माननीय डॉक्टर केलें, १८२३ सालीं ते सभेच्या पदार्थविज्ञान-संग्रहाचे अध्यक्ष झाले, आणि १८२४ सालीं राजानें त्यांना सरदारकी दिली. ढिगाऱ्यापाशीं उभा राहिलेला तोच हा माक्सिमिलियन. आतां तो बव्हेरियाचा राजा होता. नांवापुढें फॉन हें मानाचें अक्षर लागलें तें तेव्हां.

एका बाबतींत मात्र आम्हांला त्यांचा कारखाना दोषास पात्र वाटतो. प्रकाशाविषयींचे आपले सर्व शोध फ्राउनहोफर यांनीं मोकळेपणानें छापले, परंतु कांच ओतण्याची कृति कुलुपांत राहिली. इंग्लंडचे ज्योतिर्विद जॉन हर्शेल १८२४ सालीं भेटीस आले. त्यांचा आदरसत्कार झाला, भट्टीचें रहस्य मात्र त्यांना कळूं दिलें नाहीं. इकडे लंडनमध्यें प्रत्यक्ष फॅरडेसारख्या पुरुषानें कित्येक वर्षें भट्टीपुढें घालविलीं, आणि तरी बव्हेरियाच्या तोडीचीं भिंगें इंग्लंडांत निघालीं नाहींत. व्यापाराच्या दृष्टीनें हें गुपित राखणें समजण्यासारखें होतें. पण माणूस अकालीं गेला म्हणजे त्याचें गुपितहि त्याच्याबरोबर जातें, आणि तसेंच कांहींसें झालें.

त्यांच्या हातची सर्वांत मोठी कृति म्हणजे दोर्पात येथील दुर्बीण. दोर्पात तेव्हां रशियाच्या साम्राज्यांत होतें. आज त्या शहराला तार्तू म्हणतात व तें एस्टोनिया देशांत आहे. १८२४ च्या अखेरीस दुर्बीण तेथें पोंचली. पुढच्या जोडभिंगाचा व्यास २४ सेंटिमीटर, नाभीय अंतर ४.३३ मीटर. जगांत तेव्हां याहून मोठी भिंगांची दुर्बीण नव्हती. लांकडी नळी, तिच्या दुसऱ्या अंगाला समतोल राखणारीं वजनें. एवढा पसारा, पण बोटानें ढकलला तरी फिरे. घसरणाऱ्या वजनावर चालणारें एक घड्याळ तिला जोडलें होतें. पृथ्वी जितकी फिरे तितकीच दुर्बीण उलट फिरे, त्यामुळें तारा नजरेसमोर स्थिर राही. विल्हेल्म श्ट्रूव यांनीं या दुर्बिणीनें सुमारें १,२०,००० तारे तपासले आणि ३,११२ जोडतारे नोंदले. कारखान्याच्या दुसऱ्या एका यंत्रानें बेसेल यांनीं १८३८ सालीं एका ताऱ्याचें अंतर मोजलें. आणि दोर्पातच्या दुर्बिणीच्याच जातीची एक दुर्बीण बर्लिनला होती, तिच्यांतून १८४६ सालीं नेपच्यून ग्रह प्रथम दिसला.

हीं दोन्ही यशें पाहावयास ते उरले नव्हते. प्रकृति मुळांतच नाजूक; वर्षानुवर्षें भट्टीची धग आणि शिशाची वाफ. क्षयानें त्यांना अंथरुणास खिळविलें, आणि ७ जून १८२६ रोजीं म्यूनिक येथें त्यांचा अंत झाला. वय अवघें एकुणचाळीस. त्यांचे जुने सहकारी रायखेनबाख अडीच आठवड्यांपूर्वींच वारले होते. त्यांच्याच शेजारीं त्यांना पुरलें.

आतां आम्ही आरंभींच्या त्या जड नळकांड्याकडे वळतों. दोर्पातच्या दुर्बिणींतहि एक दोष शिल्लक होता, आणि तो फ्राउनहोफर यांना पुरता ठाऊक होता. क्राऊन व फ्लिंट यांच्या जोडीनें दोन रंग एका ठिकाणीं येतात, तिसरा थोडा बाजूस राहतो. ही चूक नाभीय अंतराच्या सुमारें दोन-हजाराव्या भागाइतकी असते. म्हणजे दोर्पातला ती जवळजवळ २ मिलिमीटर होती. परंतु तेथें नळी भिंगाच्या व्यासाच्या अठरापट लांब असल्यामुळें किरण फार निमुळते होऊन येत, आणि एवढी चूक डोळ्याला फारशी खुपत नसे. लांबी हाच जुना उपाय.

या उपायाचा एक भव्य नमुना आमच्या महाराष्ट्रानें पाहिला आहे. २२ जानेवारी १८९८ रोजीं खग्रास सूर्यग्रहणाची छाया सोलापूर जिल्ह्यांतील जेऊर या गांवावरून गेली. भिगवण ज्या पुणें-सोलापूर लोहमार्गावर आहे त्याच मार्गावर, थोडें पुढें, हें जेऊर. तेथें अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल यांनीं ४० फूट नाभीय अंतराचा कॅमेरा उभारला होता. भिंग अवघें ५ इंच व्यासाचें. तें उंच मचाणावर, आणि सूर्याची साडेचार इंचांची प्रतिमा खालीं कांचेच्या पट्टीवर. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला यांनींहि आपला तळ जेऊरलाच दिला होता. सूर्यबिंब झांकलें जातांच फ्राउनहोफर यांच्या काळ्या रेघा क्षणभर उजळून तेजस्वी होतात, त्यांचीं छायाचित्रें तेथें घेण्यांत आलीं.

पण चाळीस फुटांचा कॅमेरा खांद्यावर घेऊन पक्ष्यामागें कोण धांवणार? १८९१ च्या सुमारास इंग्लंडांत डॅलमायर आणि जर्मनींत मीटे व श्टाइनहाइल यांनीं स्वतंत्रपणें एक तोड काढली. पुढें बहिर्गोल भिंगांचा गट, आणि कांहीं अंतरावर मागें अंतर्गोल भिंगांचा गट. मागचा गट किरणांना पुन्हा थोडें पसरवितो, त्यामुळें आंखूड नळींतून लांब नळीइतकी मोठी प्रतिमा मिळते. यालाच टेलिफोटो भिंग म्हणतात.

लांबी घटली, पण अंधुक प्रकाशांत धांवणाऱ्या खेळाडूचा फोटो घ्यावयाचा तर पुढचें तोंड रुंदच हवें. ६०० मिलिमीटर नाभीय अंतर आणि त्याच्या चौथ्या भागाचें तोंड असें भिंग घ्या. तोंडाचा व्यास १५ सेंटिमीटर झाला. सरासरी २ सेंटिमीटर जाडीची एवढी चकती क्राऊन कांचेची धरली, तर घनफळ सुमारें ३५३ घन सेंटिमीटर, आणि घनता २.५ प्रमाणें वजन जवळजवळ ८८० ग्रॅम. फ्लिंट कांच ३.६ घनतेची घेतली तर सव्वा किलोच्या वर. ही एकाच भिंगाची गोष्ट झाली. अशा यंत्रांत पंधरा-सतरा भिंगें असतात. शिवाय आकार तोच ठेवून व्यास दुप्पट केला तर वजन आठपट होतें, हें घनफळ शिकलेल्या मुलांना सांगावयास नको. आणि किरण आतां निमुळते नसल्यामुळें तिसऱ्या रंगाची ती चूक लपत नाहीं. ती काढावयास आणखी भिंगें, म्हणजे आणखी वजन.

या चुकीवर औषध निघालें तें एका खनिजांत. येना येथील एर्न्स्ट आबे यांनीं १८८० नंतरच्या वर्षांत सूक्ष्मदर्शकासाठीं आल्प्समधील फ्लोराइटचे नैसर्गिक स्फटिक वापरले. फ्लोराइट रंग फारच थोडे फांकवितें, आणि त्याला योग्य कांचेची जोड दिली म्हणजे तिसरा रंगहि ओळीवर येतो. मोठे निर्दोष स्फटिक खाणींत मिळत नाहींत. ते भट्टींत वाढवावे लागतात. तसे स्फटिक वाढवून जपानच्या कॅनन कंपनीनें १९६९ सालीं ३०० मिलिमीटरचें भिंग बाजारांत आणलें. फ्लोराइट क्राऊन कांचेहून हलकें नाहीं, उलट जडच आहे. त्याचा लाभ रंग जुळविण्यांत आहे. वजन उतरलें तें पुढें, भिंगांची मांडणी बदलल्यावर. पुढच्या रुंद भिंगाच्या लगेच मागें असलेलीं भिंगें बरींच मागें सरकविलीं, म्हणजे किरणांचा झोत जेथें अरुंद झालेला असतो तेथें तीं लहान व्यासाचीं चालतात. याच कंपनीचें ६०० मिलिमीटरचें भिंग १९९९ सालीं ५.३६ किलो होतें, २०११ सालच्या आवृत्तींत तें ३.९२ किलो झालें, आणि २०१८ सालीं ३.०५ किलो.

दुसरी वाट त्या तारांच्या जाळीची. कांचेचा आणि जाळीचा रंगक्रम उलटा असतो हें आम्हीं वर सांगितलेंच आहे. मग एका भिंगाच्या पृष्ठावर वर्तुळाकार सूक्ष्म पायऱ्या पाडल्या तर? कांच जे रंग फांकवील ते त्या पायऱ्या परत आणतील, आणि त्यासाठीं जड अंतर्गोल कांचेचा भार कमी लागेल. कॅननचें अशा तऱ्हेचें ४०० मिलिमीटरचें भिंग २००१ सालीं निघालें. निकॉन कंपनीचें ३०० मिलिमीटरचें २०१५ सालीं आलें, तें अवघें ७५५ ग्रॅम, आधीच्या भिंगाच्या जवळजवळ निम्मे. समोर प्रखर दिवा असला तर अशा भिंगांत त्याच्याभोंवतीं कधीं कधीं रंगीत वलय उमटतें. तेवढी किंमत द्यावी लागते.

दोर्पातची ती दुर्बीण आतां निरीक्षणास वापरीत नाहींत. तार्तूच्या जुन्या वेधशाळेंत, जेथें श्ट्रूव यांनीं जोडतारे मोजले तेथेंच, ती आपल्या लांकडी नळीसह पाहुण्यांना पाहावयास ठेविलेली आहे.